मानेवरचा मळ

माझी सासू माझ्या पोराची मान दगडानं घासायची.

खरंच दगडानं. आमच्या न्हाणीत एक खरबरीत तांबडा दगड आहे, टाचा घासायचा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत भेगांमध्ये बसलेला चिखल त्यानं निघतो. तो दगड दहा वर्षांच्या पोराच्या मानेवर. तिलक दोन्ही हातांनी बादलीचा काठ धरून उकिडवा बसायचा, पोट मांड्यांवर सांडलेलं, आणि बोंबलायचा.

"आजी, जळते वो!"

"जळू दे. केवढा मळ साचला! मायले पोराचं आंग धुवाले टाईम नाई, अन् शाळेत नाव आमचं जाते."

हे मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं. मी चुलीपाशी, तीन हातांवर.

मळ निघत नव्हता. बेसन झालं, हळद झाली, लिंबू झालं, राख झाली. मान लाल व्हायची, सालपटं निघायची, रक्ताचे बारीक थेंब यायचे. दोन दिवसांनी खपली पडली की खाली तीच काळी वळी. जाड, मखमलीसारखी. मानेभोवती कुणी जळका दोर गुंडाळून काढल्यासारखी. काखेतही तशीच. शाळेतली पोरं त्याला मळक्या म्हणायची. मास्तरही एकदा म्हणाले, आणि मग हसले.

आम्ही जातीनं पवार. नवेगाव बांधच्या पुढे आमचं गाव. धानाची शेती, दारात ट्रॅक्टर, आणि सासरे मोहनलाल म्हणजे गावातलं मानाचं नाव. माझा नवरा चंद्रकुमार गोंदियाला राईस मिलमध्ये. शनिवारी येतो, रविवारी झोपतो, सोमवारी जातो. घरात राज्य सासऱ्यांचं, आणि सासऱ्यांना नातू एकच. तो बारीक दिसला तर त्यांना आपल्या बांधीतला धानच वाळल्यासारखा वाटायचा.

"खात्यापित्या घरचं पोट्टं दिसलं पायजे," असं म्हणत ते तिलकच्या गालाचा चिमटा काढायचे आणि गाल चिमटीत मावत नाही म्हणून हसायचे. स्वतः बाभळीच्या काटकीसारखे वाळके.

तिलक पाणी पीत नव्हता. सकाळी उठला की थंडा. शाळेतून आला की थंडा. जेवताना भाताच्या घासामागून थंडा, वरण नको. थंडा म्हणजे बाटलीत कोंबलेलं गॅसचं गोड पाणी, कधी काळं, कधी नारिंगी, कधी गोमूत्राच्या रंगाचं. बाटली संपली की तो अशी ढेकर द्यायचा की सासरे मांडीवर थाप मारायचे. "वाघ हाय माया!" चार पायऱ्या चढल्या की वाघाला धाप लागायची. वाघाच्या दाढा किडल्या होत्या. झोपेत जवळ घेतला तर तोंडाला आंबलेला वास यायचा आणि मी तोंड फिरवायची. आईनं असं बोलू नये म्हणतात. वास होता तो होता.

आणि हा थंडा यायचा माझ्या माहेरून.

माझा धाकटा भाऊ भुवनेश्वर, त्याची अर्जुनी मोरगावला थंड्याची एजन्सी. त्याचा टेम्पो पार चिचगडच्या जंगलातल्या गावांपर्यंत जातो. जिथं फोन करकरूनही ॲम्ब्युलन्स येत नाही, तिथं भुवनचा टेम्पो न बोलावता जातो. आमच्या गावच्या अंगणवाडीत पंखा नाही. अंगणवाडीसमोरच्या दुकानात भुवननं ठेवलेला काचेचा फ्रीज आहे, आत लाईट लावलेला. लेकरं खिचडी खाऊन बाहेर पडतात आणि त्या काचेला नाक लावून उभी राहतात. मच्छर बल्बला चिकटतात तशी.

आमच्यात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा पाळण्यातला असो की मिशीचा. भाचा म्हणजे देव. त्याच्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि सणाला गेलं की काशाच्या परातीत त्याचे पाय धुवून ते पाणी आपल्या डोळ्यांना लावायचं. आमचे मामा यायचे ते लाई, गूळ, नाहीतर धोतराच्या सोग्यात सीताफळं बांधून. भुवन यायचा टेम्पोतून. परात, पाय, पाणी, डोळे, सगळं रीतीनं करायचा आणि मग क्रेट उतरवायचा.

"बहूचं माहेर पाहा," सासू शेजारणींना सांगायची. "भाच्याले अख्खा क्रेट."

सासरी माझी पत त्या क्रेटवर उभी होती. तो बंद करायचा म्हणजे भावाचा अपमान आणि सासरचं हसं, दोन्ही माझ्याच डोक्यावर. हे मला कळत होतं.

आषाढात तिलकच्या मानेवरची जखम पिकली. पू झाला, ताप आला. तेव्हा कुठं सासू डॉक्टरकडे चलायला तयार झाली, तीही माझ्यावर नजर ठेवायला. डॉक्टर तरुण होता. त्यानं जखम साफ केली. मग स्पिरिटचा कापूस घेऊन जखमेच्या बाजूची काळी कातडी जोरानं पुसली आणि कापूस आमच्यापुढं धरला. पांढरा.

"मळ असता तर कापूस काळा झाला असता. कशानं घासता, मावशी?"

"हातानं, जी," सासू म्हणाली. दगडाचं नाव नाही.

"घासू नका. हा रंग आतून आलाय. अंगात साखर जास्त झाली, वजन वाढलं, ती साखर जिरवता जिरवता शरीर दमायला लागलं, की मान अशी काळी पडते. काय पितो हा?"

"दूध पिते, जी."

"थंडा," तिलक म्हणाला. पोर खरं बोललं.

डॉक्टरनं रक्त तपासलं. साखरेचा आजार अजून झालेला नाही, म्हणाला, पण उंबऱ्यावर उभा आहे. थंडा बंद करा, पाणी पाजा, पोराला पळू द्या. मान आपोआप उजळेल, वेळ लागेल. औषध काय, तर हेच.

बाहेर येताच सासूनं पदर झटकला. "कालचं पोट्टं! मले मळ शिकवते." दगड न्हाणीतच राहिला. डॉक्टरच्या मलमानं जखम सुकली की पुन्हा घासणं सुरू.

राखीला मी तिलकला घेऊन अर्जुनीला गेले. खाली भुवनची एजन्सी, छतापर्यंत क्रेट. वर त्याचं घर, चकचकीत टाईल्सचं. तिलक बूट न काढता सरळ फ्रीजपाशी गेला. दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"मामी, थंडा कुठं हाय?"

फ्रीजमध्ये ताकाचं पातेलं, लिंबं, दोडके, भिजवलेले हरभरे. भुवनची मुलगी रिंकी, तिलकच्याच वयाची, टेबलाशी बसून स्टीलच्या ग्लासातून ताक पीत होती. पायानं टेबलाला ठोके देत. चवळीच्या शेंगेसारखी पोरगी. मान कशी स्वच्छ!

भावजय डिलेश्वरी हसली. "ते घरात नाई ठेवत आम्ही, बाईजी."

"एजन्सी तं तुमची हाय."

"एजन्सी खालतं हाय. घर वरतं." तिला यात काही वावगं वाटलं नाही. "रिंकीची दाढ किडली होती ना मांगं, तवापासून ह्यायनं सांगून टाकलं, हा कचरा वर आनू नोको. थांबा, तिलकसाठी खालून मागवते."

आणि जिन्यात तोंड घालून ती ओरडली, "अवो, तिलक आला! एक मोठी पाठवा!"

मी मोरीवर जाऊन चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं.

भुवन बाटली घेऊन वर आला. तिलकच्या पाया पडला. मग राखीसाठी हात पुढं केला. मी राखी धरली आणि बांधली नाही.

"तुया पोरीले कचरा, अन् माया पोराले मान?"

"काय झालं, बाई?"

मी डॉक्टरचं सांगितलं. मानेचं सांगितलं. तो ऐकत होता, पण नजर खाली टेम्पोत काय भरताहेत तिकडं.

"बाई, धंदा हाय तो. मी नाई विकलं तं दुसरा विकन."

"दुनियेले विक. माया पोराले कायले धाडतेस?"

"भाच्याले खाली हात कसा पाठवू?"

"ताक दे. हरभरे दे. तुया पोरीले देतेस ते दे."

"मामा भाच्याले ताक देईन?" तो हसला. "तुया सासरा म्हनन, भुवनेश्वरचं दिवाळं निंगालं. बांध राखी. उगाच तोंड नोको फुगवू."

मी राखी बांधली. परतीच्या गाडीत त्यानं क्रेट चढवून दिला, कंडक्टरच्या ओळखीनं.

तो क्रेट मी घराच्या मागे नेला आणि एकेक बाटली उकिरड्यावर ओतली. शेणावर फेस आला, बुडबुडे फुटले. शेणालासुद्धा ते पचत नव्हतं. तेवढ्यात सासरे आले.

"माहेरचा मान उकिरड्यात ओतून रायली? डोकं ठिकान्यावर हाय का?"

"बाबूजी, डॉक्टरनं सांगतलं..."

"डॉक्टरच्या बापानं खाल्लं का कधी पोटभर? त्याले काय समजते!"

ते तसेच दुकानात गेले, मोठी बाटली आणली, अंगणात मला समोर उभं करून तिलकच्या हातात दिली. "पी राजा. तुई माय येडी झाली."

तिलक प्यायला. माझ्याकडं पाहत प्यायला. डोळ्याची पापणी हलली नाही. हनुवटीवरून काळा ओघळ गळ्यावर आला, मानेच्या काळ्या वळीत शिरला आणि दिसेनासा झाला.

नवऱ्याला फोन केला. "सारेच लेकरं पेतेत," तो म्हणाला. "तू कायले टेन्शन घेतेस?"

मग पोळा आला. पोळ्याला बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो लेकरांचा. पोरं लाकडाचे चाकावरचे नंदी सजवून चौकात आणतात, मग घरोघर नेतात. लोक नंदीला ओवाळून पोरांच्या हातावर काहीबाही ठेवतात. आमच्या भागात लेकरांना दिवाळीपेक्षा ह्या दिवसाचं कौतुक जास्त. यंदा तान्ह्या पोळ्याचा सगळा खर्च भुवननं उचलला. चौकात मंडप, त्याच्या फोटोचं बॅनर, माईक. नंदी सजावटीची स्पर्धा, आणि दुसरी स्पर्धा अशी की जो पोट्टा एका दमात थंड्याची बाटली संपवेल, त्याला एक क्रेट बक्षीस.

सासऱ्यांनी आठ दिवस आधीपासून तिलकची तयारी घेतली. रोज दुपारी ओसरीवर. मानेला मलम, तोंडाला बाटली, समोर आजोबा बोटांवर सेकंद मोजत. एकदा पोराच्या नाकातून फेस आला. खोकून खोकून डोळे पांढरे झाले.

"नाकातून नोको येऊ देऊ," सासरे म्हणाले. "नंबर जाईन."

मी बाटली हिसकावली तर सासूनं माझा हात धरला. तिलकनं दुसरी फोडली. त्या आठ दिवसांत मला त्या घराची किळस आली. भांड्यांची, ओसरीची, माणसांच्या हसण्याची. आणि मी ठरवलं की माझ्या पोराला मी त्या मंडपात बाटली तोंडाला लावू देणार नाही. मग माहेर राहो की जावो.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी चौक भरला होता. नंद्यांच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं, पोरं धोतर-फेट्यात. सासूनं तिलकच्या फेट्याचं शेपूट मानेवर सोडलं होतं, मळ दिसू नये म्हणून. टेबलावर बाटल्यांची रांग, बाहेरून घाम फुटलेली. भुवन पांढऱ्या शर्टात. डिलेश्वरी समोरच्या खुर्चीवर, शेजारी रिंकी. रिंकीच्या गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेली. घरून आणलेली.

माईकवाला ओरडला, "आता आपले भुवनेश्वरभाऊ आपल्या भाच्याचे पाय धुऊन स्पर्धेचं उद्घाटन करतीन! मामा-भाच्यासाठी टाळ्या!"

काशाची परात आली. तिलक त्यात उभा राहिला. भुवन गुडघ्यावर बसला आणि त्यानं पाण्याच्या लोट्याला हात घातला.

मी मंडपात शिरले. लोटा पायानं बाजूला सारला. टेबलावरची एक बाटली उचलली, झाकण फिरवलं, फस्स झालं, आणि तिलकच्या पायांवर ओतली. मग दुसरी. मग तिसरी. परात काळ्या फेसानं भरली.

"बाई, का करून रायली?"

"पाय धू."

"ह्यानं?"

"भाच्यासाठी हेच आनतेस ना तू? मंग धुवाले पानी कायले? ह्यानंच धू."

लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "धू गा भुवनभाऊ, धू! घरचाच माल हाय!"

भुवननं इकडं तिकडं पाहिलं. सगळं गाव पाहतंय, भाचा परातीत उभा आहे, त्याला तसाच सोडून उठणं पाप. त्यानं हात बुडवला आणि पायांवरून फिरवला. लगेच बाहेर काढला. बोटं बोटांना चिकटत होती.

"चिकचिक होते वो, बाई."

"पायाले चिकचिक होते. पोटात नाई होत?"

तो हात झटकायला लागला.

"आता डोळ्याले लाव. रीत पुरी कर."

"झोंबन ना!"

"देवाचे पाय धुतलेलं हाय. एक थेंब लाव."

त्यानं लावलं नाही. हात पँटला पुसला. हसणं थांबलं होतं. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. भाच्याच्या पायाचं पाणी मामानं पँटला पुसलं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी एक न फोडलेली बाटली उचलली. "रिंकी, ये वो माय. पहिली बाटली तुई. एका दमात पे, क्रेट तुया."

पोरगी उठलीसुद्धा. चेहरा खुलला होता बिचारीचा. डिलेश्वरीनं तिचा दंड धरून मागं ओढलं आणि किंचाळली, "नाई नाई! तिले नाई पाजत आम्ही हे!"

माईक तिच्यासमोरच होता. चारही भोंग्यांतून गावानं ऐकलं. पारापर्यंत, तलावाच्या पाळीपर्यंत.

"काऊन नाई पाजत?" गर्दीतल्या एका बाईनं विचारलं. कडेवर लेकरू, लेकराच्या तोंडात बाटली. "आमच्या लेकराले चालते, तुमच्या पोरीले काऊन नाई चालत?"

डिलेश्वरीनं भुवनकडं पाहिलं. भुवननं बॅनरकडं. बॅनरवरचा भुवन हसत होता.

स्पर्धा झाली नाही. पण गाव सुधारलं असं काही समजू नका. अर्ध्या तासात टेबलावरच्या बाटल्या पदराखाली, नंदीच्या गाडीत, शर्टाच्या आत गायब झाल्या. फुकटची कशी सोडायची? तो प्रश्न विचारणारी बाईसुद्धा दोन घेऊन गेली. भुवन टेम्पोत बसला, मला म्हणाला, "आजपासून तुले भाऊ नाई," आणि गेला. माझं माहेर त्या टेम्पोबरोबर गेलं. तो अजून आलेला नाही.

तिलक परातीतून उतरला तेव्हा रडत होता. "तू माई बेइज्जती केली! साऱ्या पोट्ट्याइच्या समोर!"

"केली," मी म्हटलं.

त्यानं नंदी तिथंच टाकला आणि अनवाणी घराकडं पळाला. धापा टाकत, पण पळाला.

मी घरी पोचले तेव्हा तो ओसरीच्या काठावर बसला होता. ओल्या चिकट पायांना चौकातली सगळी धूळ, शेण, बेगडाचे तुकडे चिकटले होते. काळे कुट्ट पाय. माशा घोंघावत होत्या, आणि मुंगळे भिंतीवरून रांगेनं उतरून त्याच्या बोटांच्या बेचक्यांत शिरत होते. तो पाय झाडत होता, मुंगळे सुटत नव्हते. शेजारी सासरे, हातात बाटली.

"घे राजा. रडू नोको. तुया मायले मी पाहतो."

सासू पाण्याची बादली घेऊन आली. माझ्याकडं न बघता खाली बसली आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. पाणी ओतलं. धूळ गेली, चिकटा गेला नाही. तिनं तळहातानं चोळलं. काळं-काळं तिच्या हाताला आलं. तिनं हात नाकाशी नेला. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा चोळलं. हळूहळू पाय निघाला. गोरा, लहान, लेकराचा पाय. तिनं तो नीट पाहिला. मग डोळे वर करून त्याच्या मानेकडं पाहिलं. फेट्याचं शेपूट बाजूला केलं. काळी वळी जिथल्या तिथं. तिनं आपलं ओलं बोट त्या वळीवरून एकदा फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं.

बोट स्वच्छ होतं.

तिनं सासऱ्यांकडं हात केला. "द्या ते इकडं."

"काय?"

"बाटली. द्या म्हनते ना!"

इतक्या वर्षांत मी तिला नवऱ्याशी ह्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. सासऱ्यांनीही ऐकलं नसावं, कारण त्यांनी दिली. तिनं ती न्हाणीच्या नालीत उलटी केली. तिलकनं हंबरडा फोडला, तिच्या पाठीत बुक्क्या मारल्या, खाली पडून हातपाय झाडले. तिनं त्याला मारू दिलं. मीही मध्ये पडले नाही.

दमला तेव्हा घसा कोरडा पडला होता. मी माठातलं पाणी आणलं. त्यानं ग्लास ढकलला. मग थोड्या वेळानं स्वतःच ओढून घेतला, दोन घोट प्यायला, आणि तोंड वाकडं केलं.

"फिक्कं हाय."

"पानी फिक्कंच रायते," सासू म्हणाली.

मग तिनं न्हाणीतला तांबडा दगड उचलला. तिलक दचकला, मान खांद्यात ओढून घेतली, दोन्ही हात मानेवर ठेवले. ती त्याच्याजवळ गेली नाही. फरशीवर बसली, लुगडं घोट्याच्या वर घेतलं, आणि आपल्याच टाचा घासायला लागली.